दर शुक्रवारी बदलणारा आजार

१९७७ साली, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कस्तुराची सहा आठवड्यांची पोस्टिंग दिघीच्या माळावरच्या एका ट्रस्टच्या मनोरुग्णालयात लागली. पुस्तकात वेडाचे प्रकार छान पोटभेदांसकट दिले होते. वॉर्डातल्या बायकांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. जिला कस्तुरा दोन दिवस 'सिस्टर' म्हणत होती ती पेशंट निघाली, आणि भिंतीशी पुटपुटत बसलेल्या जिची तिने नाडी बघितली ती आया. नाडी बघितल्याचा त्या आयाने इतका राग धरला, की पुढे आठवडाभर कस्तुराला प्यायच्या पाण्यासाठीसुद्धा दोनदा मागावं लागलं.

प्रत्येक विद्यार्थिनीला एकेक पेशंट नेमून दिली होती. कस्तुराच्या वाट्याला शालनबाई आल्या. चिंचवड गावठाणातल्या जुन्या शेतकरी घराण्यातली, पस्तिशीची, धडधाकट बाई. तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याने, बबनरावांनी, आणून सोडलेली. केसपेपरवर त्यांची तक्रार होती, 'वेळीअवेळी उठते, स्वयंपाक करते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गप्प करते.'

शालनबाईंची झोप, जेवण आणि बोलणं यांचा रोजचा तक्ता कस्तुराने ठेवायचा होता. रात्रीच्या नोंदी वॉर्डाच्या रजिस्टरातून उतरवायच्या. पहिल्या आठवड्यात बाई पहाटे चारला उठून कणीक मागत होत्या. दुसऱ्या आठवड्यात सकाळी निवांत, पण रात्री बारापर्यंत दाराकडे तोंड करून बसलेल्या. तिसऱ्या आठवड्यात आणखी भलतंच. मोठे डॉक्टर तक्त्यावर बेहद्द खूश झाले.

"बघा, तीन आठवड्यांचं चक्र आहे. आजार दर शुक्रवारी कूस बदलतो! असली केस वीस वर्षांत पाहिली नाही. सोमवारपासून शॉक सुरू करू."

विजेचे शॉक. कस्तुराने एकदा पाहिले होते आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. पण डॉक्टरांपुढे बोलायची तिची काय प्राज्ञा!

त्या बुधवारी दुपारी विद्यार्थिनी वॉर्डात हसतखिदळत चादरी बदलत होत्या. शालनबाई ताडकन उठल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "ए पोरींनो, हळू बोला की. झोपल्याती न्हवं!"

बाकीच्या पोरी आणखीच हसल्या. कस्तुराच्या हातातली बादली मात्र आपोआप अलगद खाली टेकली. का टेकली हे तिचं तिलाच कळेना. मग कळलं. पिंपरीच्या एका खोलीत ती लहानाची मोठी झाली होती. वडील, ज्ञानदेव, कारखान्यात. त्यांची तिसरी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, असली की आई, भिमाबाई, दिवसभर पोरांना डोळे वटारून गप्प बसवायची. पहिली असली की पहाटे चारला डबा. दुसरी असली की मध्यरात्रीपर्यंत जागी. आणि इकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणजे शिफ्ट बदलायची शुक्रवारीच! हे पिंपरी-चिंचवडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठे डॉक्टर पुण्याच्या पेठेतले, त्यांना कोण सांगणार?

तिने सांगितलं. त्याच दुपारी जाऊन सांगितलं. "साहेब, हा आजार नाही. ही शिफ्ट आहे. परवा शुक्रवार, पहिली शिफ्ट लागेल. बाई चारला उठून कणीक मागतील."

शुक्रवारी पहाटे चारला बाईंनी कणीक मागितली. डॉक्टर दिलदार माणूस, स्वतःलाच हसत त्यांनी शॉक रद्द केले आणि पुढच्या गुरुवारी नवऱ्याला बोलावून घेतलं. बाईंना नवऱ्याच्या सहीनिशी घरी पाठवायचं ठरलं. कस्तुरा आठवडाभर हवेत होती. फक्त मधूनच मनात यायचं, मग माझ्या आईला कुणी इथे आणून सोडलं असतं तर? आणि शालनबाई नवऱ्यापासून इतक्या लांब आहेत, तरी शिफ्ट का पाळतात? तिने तो प्रश्न बाजूला सारला, आणि तिथेच चुकली.

गुरुवारी बबनराव आले. परीटघडीचे कपडे, हातात घड्याळ.

डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही शिफ्टला जाता हे आधी सांगायचं नाही का? बाई ठणठणीत आहेत. तुमच्या कामाच्या वेळा त्यांच्या अंगवळणी पडल्यात, एवढंच."

"शिफ्ट?" बबनराव हसले. "कंपनी कवाच सोडली म्या, डॉक्टरसाहेब. गेल्या दिवाळीला. चाकणला कांद्याची अडत हाय माजी. हिला शंभरदा सांगितलं, पर हिच्या टकुऱ्यात शिरत न्हाई. म्हनून तर हितं आनली."

डॉक्टरांनी वळून कस्तुराकडे पाहिलं. तिला धरणी दुभंगावी असं झालं. म्हणजे शिफ्टच नव्हती? मग तो तक्ता कशाचा? तिने खऱ्याखुऱ्या आजारी बाईचा इलाज थांबवला होता की काय?

शालनबाई मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. "दिवाळीला सोडली? मग आखाडापातुर तिसऱ्या शिफ्टचा डबा कुनाकडं न्हेत व्हता?"

"बघा, ही असंच बोलती," बबनराव डॉक्टरांना म्हणाले.

कोण खरं, कोण खोटं? कस्तुराचं डोकं चालेना. तोंडातून मात्र आईच्या मोरीतला प्रश्न निघाला. कारखान्यातला डबा घरी येतो तो खरकटा, वाळलेल्या आमटीचा. तो घासता घासताच ती मोठी झाली होती. "शालनबाई, डबा परत कसा यायचा?"

"घासून," शालनबाई म्हणाल्या. "राखंनं घासून, लख्ख. शेवटी इचारलं म्या, कंपनीत डबं कोन घासतं वो? त्येच्या चौथ्या दिशी मला हितं आनलं."

बबनरावांनी घड्याळात पाहिलं. अडतीवर कांद्याची गाडी लागायची आहे असं काहीतरी ते बोलले, पण बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरांना समजायचं ते समजलं. त्यांनी कागदावर 'बरी आहे' असं लिहिलं आणि तो बबनरावांपुढे सरकवला, कारण ज्याने आणून सोडलं त्याच्याच सहीवर बाईला सोडायचं, असा तिथला नियम होता. बबनराव म्हणाले, पुढच्या गुरुवारी बघू, आणि निघून गेले.

कस्तुरा शालनबाईंना वॉर्डात घेऊन आली. आपण जिंकलो की या बाईचं वाटोळं केलं, हे तिला उमगत नव्हतं. रडूही येत होतं आणि राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

खाटेवर बसल्यावर शालनबाईंनी विचारलं, "पोरी, तू शिकलेली. त्ये शॉक दिल्यावर मानूस इसरतं का गं?"

"हो, थोडंफार विसरायला होतं," कस्तुरा पाठ केलेलं उत्तर बोलून गेली.

"मग मोठ्या डाक्टरला जाऊन सांग," शालनबाई म्हणाल्या, "सोमवारी द्या म्हनावं."