नाल्यावरची गोटमार

"हे गोटे नाहीत जी, गिट्टी आहे. याले धार आहे." अनुसयेनं टोपली नाल्याच्या काठावर आदळली.

"मंग काय चिखल फेकू?" तिचा नवरा बाबूलाल म्हणाला. "का जाम नदी मालगाडीत घालून नागपुरात आणू?"

सकाळपासून बायका रेल्वेच्या रुळांकडून गिट्टी वाहत होत्या. गावी असं कुणाला वाहावं लागत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याची माणसं, समोर सावरगावची. झेंडा कुणीतरी तोडून नेईपर्यंत दोन्हीकडून दगड. दगड नदीचेच, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले. डोकी फुटतात, फुटलेल्यावर चंडीमायच्या देवळातला अंगारा लागतो आणि संध्याकाळी ज्यानं डोकं फोडलं तोच तंबाखू मळून पुढे करतो. हे कशासाठी, असं विचारणारा माणूस बाहेरचा समजावा.

पोटासाठी ही माणसं नागपूरच्या गिरणीत आली, पण हे वेडही गाठोड्यात बांधून घेऊन आली. वस्ती टाकतानाही पांढुर्णेवाल्यांनी नाल्याचा अलीकडचा काठ धरला, सावरगाववाल्यांनी पलीकडचा. एरवी सणाला सगळे गावी जात. यंदा महायुद्धाची लढाई चालू होती, गिरणीत रातंदिवस खाकी कापड निघत होतं आणि सुटी मिळाली ती एका दिवसाची. तेवढ्यात गावी जाऊन येणं होत नव्हतं. मग इथंच करू, असं ठरलं. नाल्याच्या मधोमध पळस रोवला, वर लाल फडकं बांधलं. हौसेला मोल नाही, आणि अक्कलही नाही.

अनुसयेचं सासर पांढुर्णा आणि माहेर सावरगाव. आई गेल्यावर धाकट्या भावाला, देवरावला, तिनंच कडेवर घेऊन वाढवलं. मजूर भरणाऱ्या जॉबरच्या पाया पडून गिरणीत लावलं तेही तिनंच. आता तो समोरच्या काठावर एकटा राहायचा आणि जेवायला बहिणीकडे यायचा.

"तिकडं देवा राहीन," ती नवऱ्याला म्हणाली. "तो दिसला तं हात खाली."

"त्या वक्ताले मानूस दिसते काय वं?"

"मायी कसम खा."

"खाल्ली, बापा!" बाबूलाल हसला. त्याचं लक्ष झेंड्याकडे होतं.

समोरून देवराव ओरडला, "बाई! मले माराले तूच गोटे आनून देऊन राहिली काय वं?"

"मागं राहा गा, देवा! धारेचे आहेत!"

"मागं राहाले आलो काय मी?"

शहरात महाल भागात त्याच वेळी मारबतीची मिरवणूक निघाली होती. ढोल इथवर ऐकू येत होते, सगळे पोलीस तिकडे गर्दीत होते. त्यामुळे नाल्यावर कुणी आडवं आलं नाही. पहिला दगड सुटला आणि दोन्ही काठांवरून एकच आरोळी उठली.

गावच्या दगडानं टेंगूळ येतं, फार तर खोक पडते. ही गिट्टी कातडं उघडत होती. एकाचा कान लोंबू लागला. एकाचे पुढचे दात त्याच्याच ओंजळीत पडले. एक म्हातारा गाल धरून खाली बसला, तर त्याच्या बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं. थांबायला हवं होतं. पण अंगात आलेल्या गावाला कोण थांबवणार? उलट रक्त दिसलं तसे हात अधिकच जोरात चालू लागले. बाबूलाल सगळ्यांच्या पुढे गुडघाभर पाण्यात उभा होता. हात मागे करून तो दगड मागत होता आणि अनुसया त्याच्या हातात दगड ठेवत होती.

तेवढ्यात सावरगावचा एकजण कुऱ्हाड घेऊन पाण्यात धावला. डोक्यावर घोंगडी, खांदे वाकवलेले. त्यानं पळसावर पहिला घाव घातला, दुसरा घालायला मान वर केली आणि घोंगडी सरकली.

"देवा आहे जी तो! देवा!" अनुसया किंचाळली.

बाबूलालनं ऐकलं की नाही, देव जाणे. दगड सुटला होता. तो कानाच्या वर लागला. देवराव झाडाला मिठी मारल्यासारखा उभा राहिला आणि मग झाडासकट खाली आला.

अनुसयेनं त्याला काठावर ओढलं. चंडीमाय दूर राहिली होती, म्हणून तिनं धावत जाऊन चुलीतली राख आणली आणि मूठमूठ त्या जखमेत भरली. राख भिजत गेली. देवराव एकदा "बाई" म्हणाला, नंतर काही बोलला नाही.

बंदोबस्तावरून घामाघूम फौजदार आला तेव्हा दोन्ही काठ गप्प होते. मेलेल्याची बहीण कोण, ते त्यानं विचारून घेतलं.

"कुणी मारला तुझ्या भावाला? नाव सांग. आज त्याला बेड्या घालतो."

बाबूलाल दहा हातांवर उभा होता. अनुसयेनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, सांगावं. फार वाटलं.

"गोटमार होती, सायेब," ती म्हणाली. "यात नाव नसते."

फौजदारानं पुन्हा पुन्हा विचारलं, शिव्या दिल्या, वस्ती उठवायची धमकी दिली. तिनं शब्द बदलला नाही. तिरडीला बाबूलालनं पुढचा खांदा दिला. अग्नीही त्यानंच दिला, कारण देवरावला दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी अनुसयेनं आपली भांडी टोपलीत भरली. जाऊन देवरावच्या झोपडीत ठेवली. परत आली, गोधडी नेली. पुन्हा आली. दारात बसलेला बाबूलाल प्रत्येक फेरीला उठून उभा राहायचा आणि परत बसायचा.

"तू माया जीव वाचवला," शेवटी तो म्हणाला. "मंग हे काहून?"

दगडी पाटा तेवढा राहिला होता. ती वाकली, तसा बाबूलाल पुढे झाला.

"जड आहे तो. मी आनून देतो."

तिनं त्याला उचलू दिला. तो पुढे, ती मागे, अशी दोघं नाल्यात उतरली. पाणी गढूळच होतं. मधोमध पोचल्यावर ती म्हणाली, "बस, इथंच ठेवा."

"पलीकडं ठेवतो ना."

"इथंच ठेवा, जी."

त्यानं पाटा पाण्यात ठेवला. ती खाली बसली, एकटीनं तो छातीशी उचलला, कसाबसा डोक्यावर घेतला आणि सावरगावच्या काठावर चढून गेली.