पान काढणार नाही

पाळणाघरातली मुलं तिला मोठीताई म्हणायची. मग मुलांचे आईबाप म्हणू लागले, आणि पुढे पाळणाघराच्या मालकीणबाईही. ती तिथे कामाला लागली तेव्हा तिची स्वतःची लेक त्याच गाद्यांवरून रांगत होती. आता ती लेक कॉलेजात जात होती. मधल्या काळात नियम निघाला की वर्गप्रमुख व्हायचं तर बालशिक्षणाची पदवी पाहिजे. मालकीणबाई म्हणाल्या, "ऑनलाइन करून टाक गं. घरबसल्या होते." मोठीताईला घरी बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पदवी पाळणाघरबसल्याच करावी लागणार होती.

दुपारी जेवणं झाली, मुलं आडवी झाली, की खिडक्यांचे पडदे ओढून ती गाद्यांच्या मधल्या वाटेत भिंतीला टेकून बसायची. मांडीवर टॅब्लेट, एका कानात इअरफोन, दुसरा कान मुलांसाठी मोकळा. कुणी कुशीवर वळून रडायला लागलं की तिचा एक हात आपसूक त्याच्या पाठीवर जायचा आणि डोळे टॅब्लेटवरच असायचे. अशी दोन वर्षं निघाली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "मी लोकांना वर नेतो, पण आमच्या घरात वर चढतेय ती ही एकटीच."

अभ्यासक्रमात तिला सगळ्यात आवडायचा तो डिजिटल पोर्टफोलिओ. प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजच्या संकेतस्थळावर स्वतःची जागा मिळायची. वर्गात काय करून घेतलं त्याचे फोटो, मुलांच्या नोंदी, टिपणं, सगळं तिथे लावायचं. आधीच्या परीक्षांत लिहिलेला पेपर एकदा परीक्षकाकडे गेला की गेलाच. इथे तसं नव्हतं. चिखलाने माखलेले इवले हात, ठोकळ्यांचा कोसळलेला मनोरा, चित्राच्या कागदाबाहेर जमिनीवर गेलेली रेघ, सगळं जागच्या जागी राहायचं आणि लिंक पाठवली की कुणालाही दिसायचं. प्रत्येक विषय संपला की 'माझं चिंतन' नावाचं एक पान भरायचं: या विषयातून मी काय शिकले. मोठीताई ते पान मन लावून भरायची.

माशी शिंकली ती तिसऱ्या वर्षी.

विषय होता मुलांचं निरीक्षण. शिकवायला एक सर होते, पण व्हिडिओत. टक्कल, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं शांत आणि समजूतदार. मोठीताईला ते पहिल्या तासापासून आवडले. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी सर पुढे वाकून म्हणायचे, "काही अडलं तर खाली लिहा. मी उत्तर देईन. अगदी नक्की देईन."

तिला खरंच अडलं होतं. तिच्या गटातला एक चार वर्षांचा मुलगा पाळणाघरात एक अक्षर बोलायचा नाही. घरी त्याची टकळी बंद होत नाही, असं आई सांगायची. पाळणाघराच्या दारातून आत आला की तोंडाला कुलूप. मोठीताईने सगळे उपाय करून पाहिले होते. तिने व्हिडिओखाली सविस्तर प्रश्न लिहिला आणि वाट पाहिली. आठवडा गेला. तिने पुन्हा लिहिलं. मग सहज म्हणून बोटाने पान खाली सरकवत गेली, तर खाली प्रश्नच प्रश्न होते. मागच्या वर्षीचे, त्याच्या मागच्या वर्षीचे, त्याच्याही आधीचे. उत्तर एकाखालीही नव्हतं. एकाने काही वर्षांपूर्वी नुसतं विचारलं होतं, "सर, आहात ना?"

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा हसून म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. तुमच्याकडे उंटसुद्धा रेकॉर्ड केलेला."

मोठीताईला हसू आलं नाही. विषय संपल्यावर तिने 'माझं चिंतन' उघडलं आणि लिहिलं: "या विषयात मी व्हिडिओ पाहिले. ते चांगले आहेत. पण हा विषय मला कुणी शिकवला नाही. शिकवणारा माणूस प्रश्न ऐकतो. इथे कित्येक वर्षं कुणी ऐकलेलं नाही." खाली त्या अनुत्तरित प्रश्नांचे फोटो एकाखाली एक लावले आणि पान जाहीर करून टाकलं.

चौथ्या दिवशी कॉलेजच्या समन्वयक मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मॅडम स्वभावाने वाईट नव्हत्या. मागे तिच्या ठोकळ्यांच्या फोटोंचं त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. आज मात्र सुरुवातीलाच म्हणाल्या, "अहो, ते पान तेवढं काढून टाका."

"का मॅडम?"

"बाहेरून तपासणी समिती येते आहे. ते विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ उघडून बघतात. आणि चिंतन म्हणजे तक्रार नव्हे. चिंतन म्हणजे आपल्यात काय बदल झाला ते."

"बदल झाला ना. आधी मला वाटायचं, सर उत्तर देतील. आता नाही वाटत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी तुम्हाला नमुना पाठवते. त्याप्रमाणे लिहा. बहुतेकांनी तसंच लिहिलंय, कुणाचं काही अडलं नाही."

नमुना आला. "या विषयाने माझ्या विचारांना नवी दिशा दिली," अशी सुरुवात होती. मोठीताईने बाकीच्यांचे पोर्टफोलिओ उघडून पाहिले. अर्ध्याहून अधिक वर्गाच्या विचारांना नवी दिशा मिळाली होती, आणि ती सगळ्यांना एकाच शब्दांत मिळाली होती.

तिने मॅडमना उत्तर लिहिलं: "पानावर तुम्हीच 'माझं चिंतन' लिहिलं आहे. जे माझं आहे ते मी लिहिलं. पान काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने पोर्टफोलिओ उघडला तर तो उघडेना. पांढऱ्या पडद्यावर राखाडी अक्षरं होती: 'पुनरावलोकनासाठी बंद. निर्णय कॉलेज समितीच्या बैठकीत.' चिखलाचे हात, मनोरा, तीन वर्षांच्या नोंदी, सगळं त्या अक्षरांच्या मागे गेलं होतं. एक पान आवडलं नाही म्हणून घरालाच टाळं लावावं, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

लेक भडकली, पण आईवर. "आई, हत्ती गेला आणि शेपूट राहिलंय! काढ ना ते पान. पदवी हातात आली की पुन्हा लाव, नाहीतर फ्रेम करून लाव. तुला कोण विचारतंय?"

"मला कुणी विचारत नाही, तेच तर मी लिहिलंय."

"तू ना..." लेकीने उशी आपटली. "लोक तुला भांडकुदळ म्हणतील."

"म्हणू देत. भांडायला निदान समोर कुणीतरी लागतं. त्या विषयात तेही नव्हतं."

नवरा शर्टाची बटणं लावता लावता थांबला. "अगं, पण त्या सरांना हे ठाऊक आहे का? नाही म्हणजे, तू सगळ्यांशी भांडलीस, त्यांच्याशी सोडून."

हे मोठीताईच्या मनात आलंच नव्हतं. लेकीनेच मग फणफणत फोन हातात घेतला, जुन्या शिक्षकांच्या याद्या चाळल्या, इकडे तिकडे विचारलं आणि सरांचा पत्ता काढला. सर निवृत्त झाले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहत होते.

रविवारी मोठीताई दोन बस बदलून तिथे गेली. दार उघडलं ते दाढीवाल्या म्हाताऱ्याने. तिला वाटलं, घर चुकलं. तो म्हणाला, "कोण पाहिजे?" आणि आवाज ओळखीचा निघाला.

"सर, मी तुमची विद्यार्थिनी."

"कुठल्या वर्षाची?"

"चालू वर्षाची."

सरांना वाटलं, ही बाई चेष्टा करते आहे. तरी त्यांनी तिला आत बसवलं. ते व्हिडिओ त्यांनी एका वर्षापुरते करून दिले होते, कॉलेज काही महिने बंद होतं तेव्हा. पुढे निवृत्त झाले आणि त्यांचं कॉलेजचं खातंही बंद झालं. व्हिडिओ अजून चालतात, हे त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. मोठीताईने टॅब्लेट पुढे केला. सरांनी स्वतःला पाहिलं, मग बोटाने पान खाली नेत गेले. बरंच खाली.

"यात माझा काय दोष?" ते एकदम म्हणाले. आवाज चढला होता. "मला विचारलं का कुणी?"

"तुमचा दोष आहे असं मी कुठे म्हणते सर? पण तुमच्या तोंडाने रोज कुणीतरी वचन देतंय. तुम्हाला माहीत असावं म्हणून आले."

सर उठून खिडकीपाशी गेले. सुनेने ठेवलेला चहा निवला. मग पाठमोरेच त्यांनी विचारलं, "तो मुलगा. घरी बोलतो म्हणालात ना?"

"तुम्ही माझा प्रश्न वाचलात?"

"सगळ्यात वर आहे तो." सर वळले. "मुलाला पाहिल्याशिवाय मी काय सांगणार? व्हिडिओत मी ठासून सांगितलं असेल, पण खरं म्हणजे मला माहीत नाही. पाहू द्याल?"

त्या आठवड्यात सर पाळणाघरात आले. मुलापासून लांब एका बुटक्या खुर्चीवर कसेबसे बसले आणि तासभर नुसते बघत राहिले. निघताना म्हणाले, "तुम्ही सगळे त्याला बोलायला लावताय. येणारा प्रत्येक जण. काही दिवस कुणी काही विचारू नका. शेजारी बसा, आपलं काम करा. आणि आईला म्हणावं, कानही तपासून घ्या, म्हणजे ती शंका नको." चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "ती समितीसमोरची बैठक कधी आहे तुमची?"

बैठक ऑनलाइनच होती. मालकीणबाईंनी त्यांची छोटी खोली दिली. पडद्यावर चार चौकोन होते: समितीचे तिघे आणि मॅडम. अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "बाई, तुमचं काम उत्तम आहे. एका पानावरून एवढं ताणायचं कशाला? तुम्हाला पदवी हवी आहे ना?"

"हवी आहे सर. खूप हवी आहे."

"मग ते पान बदला. नमुना दिलेला आहे."

"आमच्याकडे एखादं मूल खोटं बोललं तर आम्ही ओरडत नाही," मोठीताई म्हणाली. "जवळ बसवतो आणि म्हणतो, आता खरं काय झालं ते सांग. तुम्ही मला उलटं करायला सांगताय. मी खरं सांगून बसले आहे, आणि तुम्ही म्हणता, आता नमुन्यासारखं सांग."

"इथे शिक्षक नव्हते, हा तुमचा गैरसमज आहे," दुसरे सदस्य म्हणाले. "विषयाला नेमलेले शिक्षक आहेत. आमच्या नोंदीत त्यांचं नाव आहे."

तेव्हा कॅमेऱ्याबाहेर बाजूला बसलेले सर खुर्चीसकट सरकत कॅमेऱ्यासमोर आले. "ते नाव माझंच ना?" त्यांनी चष्मा नीट केला. "मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. या बाईंना मी एक तासही शिकवलेलं नाही. शिकवलं असतं तर मला अभिमान वाटला असता."

मॅडमनी मान खाली घातली, आणि मोठीताईला क्षणभर त्यांचीच कीव आली. अध्यक्ष म्हणाले, "या गृहस्थांना बैठकीचं निमंत्रण नव्हतं," आणि बैठक संपवली.

निकाल पंधरवड्याने आला. पोर्टफोलिओवरचं टाळं निघालं होतं. पानही जागेवर होतं. पण चिंतन निकषांत बसत नसल्याने या विषयात अनुत्तीर्ण. पुढच्या वर्षीच्या सत्रात विषय पुन्हा करावा. माफीचे दोन शब्द लिहून दिल्यास फेरविचार होऊ शकेल, असंही खाली होतं. शेवटच्या ओळीत कळवलं होतं की जुने व्हिडिओ काढण्यात येत असून विषयाला नवीन शिक्षिका नेमली आहे.

लेकीने ते मोठ्याने वाचलं आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. "माफी लिहू? मी लिहून देते. तुला हातही लावावा लागणार नाही."

"नको."

"एक वर्ष जाईल आई."

"जाऊ दे."

नवऱ्याने स्वतः उठून चहा टाकला, आणि साखर विसरला.

त्या वर्षी वर्गप्रमुखाची जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. मोठीताईला ते लागलं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. मग त्या मुलीला कपाटांची कुठली किल्ली कशाची ते समजावून सांगितलं आणि आपल्या गटाकडे गेली. तो चार वर्षांचा मुलगा बोलला का? बोलला, बऱ्याच महिन्यांनी, आणि तेही आधी दुसऱ्या मुलाच्या कानात. त्याचे कान ठीक होते. तो कशामुळे बोलला, हे सरांनाही सांगता आलं नाही. सर मात्र अधूनमधून येत राहिले. आता त्यांच्यासाठी एक मोठी खुर्ची ठेवलेली असे.

अभ्यासक्रमातल्या काही जणांनी पुढे नमुना काढून आपापली पानं स्वतःच्या शब्दांत लिहिली. किती जणांनी, ते मोठीताईने मोजलं नाही. एकीने तिला निरोप पाठवला, "तुमच्यामुळे कॉलेजची बदनामी झाली." मोठीताईने तो वाचला आणि तसाच राहू दिला.

नव्या सत्राचा पहिला तास थेट होता. शिक्षिका तरुण होती, कॅमेरा आधी छताकडे, मग भिंतीकडे, असा धडपडत ठिकाणावर आला. ती हजेरी घेत एकेक नाव वाचू लागली. मोठीताईचं नाव आलं तशी ती थांबली आणि पडद्याजवळ वाकली.

"तुम्हीच का त्या? ज्यांच्याबद्दल मला आल्या आल्या सावध केलंय?"

मोठीताईने पदर सारखा केला, इअरफोन कानात घट्ट बसवला आणि ताठ बसली.

"हो," ती म्हणाली. "मीच ती. शिकवा."