आठवी फेरी

फेरीच्या आधी

मोटरसायकल क्लबच्या सेक्रेटरीणबाईंनी कर्णा तोंडाशी धरला आणि जाहीर करून टाकलं, की हौशी गटात जेमतेम पाच डोकी जमली आहेत, तेव्हा हौशी आणि तरबेज एकत्रच धावतील.

"आधी पांढऱ्या पाट्या, म्हणजे तरबेज, सुटतील. ते पहिलं वळण पार करून गेले, की पिवळ्या. निकाल दोन्ही गटांचे वेगळे. आठ फेऱ्या. झेंडा मात्र सगळ्यांना एकदाच पडेल. कळलं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातंय?

त्या मानांमधली एक कवळीची होती. दिवसभर मेण आणि प्लास्टर घेऊन लोकांच्या कवळ्या घडवायच्या, म्हणून क्लबात तिला हे नाव पडलेलं. तिचे स्वतःचे दात सगळे शाबूत. सेक्रेटरीणबाई बोलत होत्या तेव्हा ती खाली बसून गाडीच्या नंबरपाटीवरचा पिवळा कागद अंगठ्याने दाबत होती. त्याचा एक कोपरा सारखा सुटायचा. गाडी वहिनीची जुनी, आणि वहिनी तरबेज, त्यामुळे मूळ पाटी पांढरीच. तिच्यावर हा पिवळा कागद चिकटवलेला, हौशी आहे म्हणून.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत हौशींमध्ये जो पहिला, त्याचा पिवळा उतरायचा आणि तो तरबेजांत जायचा. कवळी गेली तीन वर्षं या शर्यतीत दुसरी आली होती. दरवर्षी पहिला माणूस निराळा, दुसरी मात्र हीच. यंदा तिने घरात सांगूनच टाकलं होतं, की आज पिवळा उतरला नाही तर गाडी वहिनीला परत, आणि आपण रविवारी झोपणार.

"आम्ही शर्यत करायची का या पिवळ्यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा?" एक तरबेज कुरकुरला.

"तुझा हात कोण धरतंय?" वहिनी म्हणाली. "तू स्वतःच सरळ चाल म्हणजे झालं." मग नणंदेजवळ उकिडवी बसली. "ऐक गं. निळा झेंडा दिसला म्हणजे मागून आमच्यातलं कुणीतरी येतंय. घाबरायचं नाही आणि मुख्य म्हणजे बाजूला व्हायचं नाही. तू तुझ्या रेषेत राहा, वाट मी काढीन. तू सभ्यपणा करायला गेलीस, तर मी तुझ्यावरच येऊन आदळणार."

"तुझ्याशी सभ्यपणा मी घरी तरी कधी करते?"

"तेच म्हणते मी. इथेही सवय मोडू नकोस."

दादा, म्हणजे कवळीचा भाऊ आणि वहिनीचा नवरा, दोन्ही गाड्यांची हवा तपासत होता. बायको आणि बहीण एकाच शर्यतीत, त्यामुळे सकाळपासून त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. शहाणा माणूस.

पहिली

पांढऱ्या सुटल्या. मग पिवळ्या. पिवळ्यांत टपालकाका पुढे आणि कवळी त्यांच्या मागे.

टपालकाकांनी सगळा जन्म दुचाकीवरून घरोघर पत्रं पोचवण्यात काढला होता. निवृत्ती जवळ आल्यावर त्यांना वाटलं, एकदा तरी कुठेही न थांबता गाडी चालवून बघू. म्हणून ते क्लबात आले.

दुसरी आणि तिसरी, एकत्र

दोन वेगळे गट एकत्र धावू शकतात, तर दोन फेऱ्या एकत्र लिहायला हरकत नाही. दोन्हींत घडलं तेच. काका पुढे, कवळी मागे, आणि शेवटच्या वळणावर, ज्याला सगळे कोपर म्हणतात, तिने दरवेळी जरा लवकर ब्रेक दाबला.

चौथी

घाई नव्हती.

पाचवी

घाई का नव्हती, ते सांगायला हवं. लहानपणी ताटातला सगळ्यात आवडता घास कवळी शेवटाला ठेवायची. कडेला सरकवायची, त्याच्याकडे बघत बघत बाकीचं संपवायची. आणि नेमका तोच घास दादा उचलायचा. रडून रडून तिचा घसा बसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा घास कडेला. मोठेपणीही तेच. दातांचं सगळ्यात नाजूक घासकाम संध्याकाळवर, भांडणातलं नेमकं वाक्य उद्यावर.

तसा आज तिने काकांना आठव्या फेरीवर ठेवलं होतं. काकांचं टायर तोवर थकलेलं असेल, काकाही थकलेले असतील, आणि मग कोपरावर आतून शिरायचं.

सहावी

कोपराच्या अलीकडे निळा झेंडा दिसला. एवढ्यात? कवळी आपल्या रेषेत राहिली. उजवीकडून पहिली पांढरी पाटी येणार म्हणून वाट बघत राहिली, पण कुणी आलं नाही. अजून थोडं लांब होतं.

सातवी

सरळ रस्त्यावर तिला मागून आवाज आला. हा आवाज ती झोपेतही ओळखेल. रोज घराच्या अंगणातून निघतो. वहिनी. म्हणजे पांढऱ्यांत वहिनी पहिली. कवळीला आधी बरं वाटलं.

मग मनात हिशेब सुरू झाला. आपली ही सातवी. वहिनी आपल्यापेक्षा एक अख्खी फेरी जास्त करून आली, म्हणजे तिची ही आठवी. म्हणजे आता ती रेषेवर पोचेल आणि शर्यत संपल्याचा झेंडा पडेल.

सगळ्यांना एकदाच.

आठवी नाहीच. कडेला ठेवलेला घास कुणीतरी कधीच उचलला होता.

सरळ रस्ता संपला, वळणं सुरू झाली, आणि कोपराच्या तोंडाशी वहिनी उजवीकडून तिच्याजवळून निघून गेली, इतकी जवळून की गुडघ्याला वारा लागला. कवळी जागची हलली नाही. पण वहिनीने ब्रेक दाबला तो किती उशिरा, ते तिने डोळ्यांनी बघितलं. तीन वर्षं ऐकत होती, आज बघितलं. आणि आपलाही तिथेच दाबला.

पुढे टपालकाकांना निळा झेंडा दिसला. जन्मभर लोकांच्या फाटकाशी अदबीने उभं राहिलेला माणूस. मागे कुणी आलं की बाजूला व्हायचं, हे हाडीमासी मुरलेलं. ते बाहेरच्या कडेला सरकले आणि हातानेही खूण केली, या, या.

वहिनी गेली. तिच्या मागच्या चाकाला चिकटल्यासारखी कवळीही गेली.

रेषेवर झेंडा पडला.

आठवी

आठवी फेरी टपालकाका एकटेच धावले.

झेंडा त्यांनी पाहिला होता. तो वहिनीचा, असं समजून ते पुढे निघाले. कवळीने वेग कमी केलेला बघून त्यांना वाटलं, पोरीची गाडी दमली. तिला ओलांडून ते असे काही सुटले, की कोपरावर झेंडेवाल्याने दोन्ही हात हलवून थांबा सांगितलं, तर त्यांनी मान लववून आभार मानले. रेषा पार केली आणि मूठ हवेत उंचावली.

"पहिला!" गाडी थांबवून ते ओरडले. "अगं कवळी, मी मुद्दाम सोडलं होतं तुला पुढे. म्हटलं, शेवटच्या फेरीत बघतो!"

सेक्रेटरीणबाईंनी कर्णा खाली ठेवला. दादा टायरकडे बघू लागला.

कवळीच्या मनात आलं, हे उद्या सांगावं. उद्या काकांच्या घरी जाऊन, शांतपणे.

"काका," ती म्हणाली, "शेवटची सातवीच होती. झेंडा सगळ्यांना एकदाच पडणार होता."

काकांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मी मान डोलावली होती की गं सकाळी."

"मी पण."

"मग तुला कधी कळलं?"

"वहिनीचा आवाज आला तेव्हा."

"आणि मी हात दाखवला. या म्हटलं." ते हसले, पण हसू जरा वेळाने आलं. "वहिनीबाई, तुम्हाला म्हटलं होतं हो ते. हिला नव्हे."

"बाजूला व्हायचं नसतं, काका," वहिनी म्हणाली. "दाराशी पाहुणा एक आणि आत शिरले दोन, असं होतं."

"होतं खरं." काकांनी आपल्या पाटीवरचा पिवळा जरा चाचपला. तो पक्का चिकटलेला होता. मग ते उठले आणि कवळीच्या गाडीसमोर बसले. "सुटतोय वाटतं कोपरा. मी काढू? जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं पोचवली, एक तरी उघडू दे."

कवळीने मान डोलावली. या वेळी काय विचारलंय, ते नीट ऐकून.

त्यांनी नखाने कोपरा धरला आणि अलगद ओढत गेले. खालून पांढरं निघालं. मध्ये मध्ये डिंकाचे डाग, वहिनीच्या वेळचे ओरखडे. टोकाशी कागद फाटला आणि बोटभर तुकडा पाटीवरच राहिला. तो ओढायला दादाने हात पुढे केला.

कवळीने त्याच्या हातावर चापट मारली आणि तुकडा स्वतः काढला.