मारका थर्मास आणि कॉर्दोबाची गल्ली

मित्रांनो, मारका बैल तुम्ही ऐकला असेल. मी मारका थर्मास आहे. जुना, पोचे पडलेला, रंग उडालेला. पण माझ्या अंगावर जिथे जिथे पोचा दिसतोय ना, तिथे तिथे समोरच्याचं जास्त नुकसान झालंय. तेव्हा जरा लांब बसूनच ऐका.

माझा जन्मच मुळी मारहाणीतून झाला. स्टीलचा साधा पत्रा होतो मी. उचलला, यंत्राखाली घातला आणि वरून धाडकन दणका! अजून एक दणका! मग गोल गोल फिरवत मान आवळली. पोटात दुसरं एक भांडं कोंबलं, दोघांच्या मधली हवा शोषून घेतली आणि त्या फटीचं तोंड कायमचं बंद केलं. ती मधली रिकामी जागा म्हणजे माझा जीव. आतली गरमी बाहेर जात नाही ती तिच्यामुळे. दिवसभर उकळता चहा पोटात ठेवून मी बाहेरून गार राहायचो. हात लावलात तर कळायचंसुद्धा नाही, आत काय चाललंय.

दुबईच्या ड्रॅगन मार्टमध्ये, म्हणजे चिनी मालाच्या भल्यामोठ्या बाजारात, मला कॅस्मिरने उचललं. कॅस्मिर वसईचा. मरीनाच्या एका हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर, म्हणजे लग्नाबिग्नाच्या पार्ट्या सांभाळणारा. राहायला इंटरनॅशनल सिटीत. उंचपुरा, आडवा, हात असे की एका पंजात माझी अख्खी मान मावायची. विकत घेण्याआधी त्याने मला काउंटरवर टाणकन आपटून बघितलं. दुकानदार ओरडला, "अरे भाई, तोडोगे क्या?" कॅस्मिर म्हणाला, "टूटा तो नहीं लूंगा, हबीबी." मी तुटलो नाही. तेव्हाच आमचं जमलं.

आता ह्या माणसाचं सांगतो. त्याचा राग म्हणजे ज्वालामुखी. पण दुबईत हात उचलायची सोय नाही. मारामारी केली की पोलीस, केस, आणि खलास, सरळ घरचं विमान. म्हणून कॅस्मिर गिळायचा. मॅनेजर वयाने लहान, तरी सगळ्यांसमोर बोटाने खुणावून म्हणायचा, "यू! कप उठाओ." कॅस्मिर म्हणायचा, "येस सर." पाहुणा अंगावर ग्लास फेकायचा. कॅस्मिर म्हणायचा, "सॉरी सर." मग मागच्या जिन्यात येऊन माझं झाकण उघडायचा आणि वेलचीचा कडक चहा घशाला चटके देत प्यायचा. ह्या चहाला तिथे करक म्हणतात.

तो जे माणसांना मारू शकत नव्हता ते माझ्याकडून सगळ्या जगाला मारून घ्यायचा. माझ्या बुडाने झुरळं चिरडली. माझ्या बुडाने नारळ फोडले. अडकलेला दरवाजा माझा दणका देऊन उघडला. एकदा शारजात रोल्लाच्या पार्किंगमध्ये भर उन्हात एक लहान मूल बंद गाडीत अडकलं होतं. आई बाहेर काचेवर हात आपटत रडत होती, लोक फोन लावत होते. कॅस्मिरने मला पट्ट्याला धरून गरकन फिरवलं आणि मागच्या काचेवर असं हाणलं की काचेचा पाऊस पडला! पोर वाचलं. त्या बाईने माझ्या बुडाचा मुका घेतला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

पण कौतुक टिकत नाही, मित्रांनो. कॅस्मिरच्या मुलीने, पामेलाने, त्याच्या वाढदिवसाला नळीवाली झकपक बाटली आणली. "डॅडा, प्लीज थ्रो दॅट अग्ली थिंग!" अग्ली थिंग म्हणजे मी. मला सिंकच्या खाली फिनेलच्या बाटलीशेजारी टाकलं. तिथे अंधारात मी वाट बघत बसलो, की कधीतरी कुणाचं तरी डोकं माझ्या नशिबी येईल.

आलं! पामेलाचं लग्न ठरलं, शारजाच्या चर्चमध्ये. आणि कॅस्मिरचा जुना रूममेट मुरलीधर म्हणाला, "कॅश्या, मुलगी गेली की तू रडत बसशील. लग्नाआधी आपण चौघं स्पेन बघून येऊ. तू नि ओल्गा, मी नि माझी सुजाता." परत आल्यावर चौथ्या दिवशी लग्न. ओल्गा, कॅस्मिरची बायको, म्हणाली, "वेड लागलंय का? एवढ्या घाईत?" पण तिकिटं निघाली होती. आणि स्पेनमध्ये आपला चहा कुठे मिळणार, म्हणून मला सिंकखालून काढून तीनदा घासलं.

मग काय, हिंडणं सुरू! सकाळी हॉटेलच्या किटलीत डब्याचं दूध घालून सुजाता करक उकळायची, माझ्यात ओतायची आणि मी कॅस्मिरच्या खांद्यावर. सेगोव्हियात ते दगडी कमानींचं उंचच उंच, पाणी वाहून नेण्याचं बांधकाम बघून मुरलीधर म्हणाला, "चुना नाही, सिमेंट नाही, तरी उभं आहे बघ. आणि आपल्या बिल्डिंगचा एसी दर उन्हाळ्यात बंद पडतो." टोलेडोत गल्लोगल्ली तलवारींची दुकानं. मी तर हरखूनच गेलो. कॅस्मिरने एक तलवार हातात घेऊन हवेत सपकन फिरवली. ओल्गा ओरडली, "ठेव ती खाली! विमानतळावर काय सांगणार आहेस?" कॅस्मिरने तलवार ठेवली, पण मग माझा पट्टा मुठीत गच्च धरूनच चालला.

चौथं गाव कॉर्दोबा. लाल-पांढऱ्या कमानींची ती भलीमोठी जुनी इमारत बघून झाली. आधीची मशीदही तीच आणि आताचं चर्चही तेच. बाहेर पडल्यावर भूक लागली. एका छोट्या चौकात टपरीवजा हॉटेल, बाहेर टेबलं, एकच रिकामं.

आणि इथे झाली चूक. दुबईत फूड कोर्टमध्ये टेबल कसं धरतात? फोन नाहीतर बॅग टेबलावर ठेवायची आणि निवांत रांगेत जायचं. कोणी हात लावत नाही. हातालाच ती सवय. कॅस्मिरने गळ्यातली निळी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. बायका तोंड धुवायला गेल्या होत्या, मुरलीधर एका बाल्कनीतल्या फुलांचा फोटो काढत होता. कॅस्मिर आत ऑर्डर द्यायला गेला. मी खांद्यावर होतो, पण मला तोंड असून बोलता येत नाही.

त्या निळ्या पिशवीत चौघांचे पासपोर्ट होते! ग्रुपला निघालं की एकाने सगळ्यांचे सांभाळायचे, ही आपली रीत.

तो ट्रे घेऊन बाहेर आला, तर टेबल रिकामं. चौकाच्या टोकाला लाल टोपीवाला एक माणूस, काखेत निळं काहीतरी, भराभर चाललेला.

"मुरल्या! पासपोर्ट!"

ट्रे खाली पडला. कॅस्मिर धावत सुटला. मुरलीधर मागून ओरडत होता, "कॅश्या, धर त्याला! पासपोर्ट गेला तर वकिलातीतून परतीचा कागद थेट मुंबईचा मिळतो, दुबईचा नाही! पामेलाचं लग्न..." पुढचं ऐकायला कॅस्मिर थांबलाच नाही.

गुळगुळीत गोट्यांच्या त्या अरुंद गल्ल्या. कॅस्मिर घसरत होता, भिंतीला खांदा घासत होता, मी त्याच्या बरगडीवर आपटत होतो. डावीकडे, उजवीकडे, एक बोळ, आणि पुढे बंद दार! लाल टोपीवाला अडकला. वळला आणि थेट डोक्याने कॅस्मिरच्या नाकावर धडक दिली. कट्! रक्त भळाभळा माझ्या झाकणावर आलं. मग त्याने छोटा चाकू काढला. वार कॅस्मिरवर केला, पण लागला माझ्या पट्ट्याला. पट्टा तुटला.

आणि मी कॅस्मिरच्या मुठीत आलो.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला मजा आली! पहिला फटका मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज झाला, चाकू खणकन उडाला. दुसरा गुडघ्यावर. तो पायऱ्यांवर कोसळला, पिशवी हातातून सुटली. खरं तर तिथे संपलं होतं. पिशवी उचलायची आणि चालू पडायचं. पण कॅस्मिरने पिशवीकडे बघितलंच नाही. तिसरा फटका खांद्यावर.

"कप उचलू? मी? मला बोटाने बोलावतोस?"

चौथा पाठीवर. "येस सर पाहिजे? घे, येस सर!"

तो माणूस गोळा होऊन डोक्यावर हात घेऊन पडला होता. त्याला मराठी काय कळणार? तो काही मॅनेजर नव्हता. टोपी पडली होती, आणि खाली टक्कल होतं, कॅस्मिरच्याच वयाचं. कॅस्मिरने दोन्ही हातांनी मला डोक्यावर उचललं. खाली ते उघडं टक्कल. मला कळलं, हा फटका शेवटचा आहे. आणि पहिल्यांदाच माझी मजा गेली.

तेवढ्यात मुरलीधर त्याच्या हाताला अक्षरशः लोंबकळला. "सोड! कॅश्या, सोड रे! मेला तर पोरीचं लग्न जेलमधून बघशील!"

हात वाकडा झाला. मी खाली आलो तो टकलावर नाही, शेजारच्या दगडी भिंतीवर. आणि आत कुठेतरी बारीक टक् झालं. माझी मधली रिकामी जागा फुटली. इतकी वर्षं बाहेर ठेवलेली हवा आत शिरली.

वरच्या बाल्कन्यांमधून बायका ओरडायला लागल्या. कोणीतरी पोलिसांना फोन केला. सुजाता आणि ओल्गा धापा टाकत पोचल्या. ओल्गाने नवऱ्याचं नाक बघितलं, जमिनीवरचा माणूस बघितला आणि काडकन कॅस्मिरच्या थोबाडीत दिली.

"नाक आधीच फुटलंय गं!" मुरलीधर म्हणाला.

"तू गप्प बस!"

मग ती त्या माणसाशेजारी पायरीवर बसली. गळ्यातला स्कार्फ काढून त्याचं मनगट बांधलं. त्याचे दात वाजत होते. ओल्गाने हात पुढे केला, "तो थर्मास दे इकडे." कॅस्मिरने मान खाली घालून मला दिलं. तिने स्कर्टच्या टोकाने माझ्यावरचं रक्त पुसलं, झाकण उघडलं आणि त्यात चहा ओतला. वाफ निघाली. अजून गरम होता तो.

तो माणूस आधी झाकणाकडे, मग कॅस्मिरकडे बघत राहिला. एक घोट घेतला. डोळे मोठे झाले. वेलची, साखर आणि डब्याचं दूध, असलं काही त्याने जन्मात प्यायलं नसणार. झाकण रिकामं करून त्याने पुढे केलं. ओल्गाने पुन्हा भरलं.

पोलीस आले. एक उंच बाई आणि तिचा सोबती. बाईने कॅस्मिरच्या शर्टावरचं रक्त बघितलं, त्या माणसाचं मनगट बघितलं. कॅस्मिरचा चेहरा राखेसारखा. पिशवी छातीशी धरलेली, पासपोर्ट आत, पण आता पासपोर्टचा काय उपयोग? मारहाणीची केस झाली की शारजाचं चर्च कुठे आणि तो कुठे. सुजाता पुटपुटली, "देवा, ह्या वेळी सांभाळ."

बाईने त्या माणसाला त्यांच्या भाषेत विचारलं. त्याने झाकणातला उरलेला चहा संपवला. मग पायऱ्यांकडे बोट करून दोन शब्द बोलला.

पोलीसबाई आमच्याकडे वळली. "ही सेज, ही फॉल. ऑन द स्टेप्स." मग कॅस्मिरच्या नाकाकडे बोट. "अँड यू?"

कॅस्मिर म्हणाला, "आय ऑल्सो फॉल, मॅडम."

बाईने मला उचललं. माझा नवा पोचा अंगठ्याने चाचपला. "अँड धिस?"

सुजाता पुढे झाली. "धिस ऑल्सो फॉल, मॅडम. टुडे एव्हरीबडी फॉल."

बाईने झाकणाचा वास घेतला. ओठाचा कोपरा हलला की काय, कोण जाणे. मला परत दिलं आणि त्या माणसाला आधार देऊन घेऊन गेली.

तो खोटं का बोलला, ह्यावर चौघं माद्रिदच्या विमानापर्यंत भांडले. मुरलीधर म्हणतो, "चोरी कबूल करावी लागली असती, म्हणून." ओल्गा म्हणते, चहा. कॅस्मिर माझं झाकण पुसत बसतो.

लग्नात कॅस्मिर पामेलाचा हात धरून चर्चमध्ये चालला तेव्हा नाक वांग्यासारखं सुजलेलं, डोळ्यांभोवती निळं-पिवळं. पामेला कुजबुजली, "डॅडा, यू लुक लाइक अ बॉक्सर." तो म्हणाला, "चल पुढे, सगळे बघतायत." आणि मग तो इतका रडला की फोटोवाल्याला थांबावं लागलं.

आता मी चहा गरम ठेवू शकत नाही. सकाळी भरलेला करक मरीनाला पोचेपर्यंत कोमट होतो, आणि माझं अंग बाहेरून गरम लागतं. आत काय आहे ते हात लावला की कळतं. फेकून द्यावा असाच झालोय मी. तरी कॅस्मिर मला रोज नेतो. चहा टिकत नाही म्हणून आल्या आल्याच वाटून टाकतो, भांडी घासणाऱ्याला, सिक्युरिटीवाल्याला, समोर येईल त्याला. परवा तो मॅनेजर पुन्हा बोट दाखवून ओरडला. कॅस्मिरचा हात माझ्या मानेवर आला. गच्च. मी श्वास रोखला. मग त्याने माझं झाकण फिरवलं, चहा ओतला आणि त्याच्यापुढे धरला. "सर, माझं नाव कॅस्मिर. चहा घ्या, मग नावाने सांगा काय काम आहे ते." मॅनेजर गडबडला. पण त्याने झाकण घेतलं.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा पोचेवाला असेल. त्याला सिंकखाली टाकू नका, घासूनपुसून ठेवा. आणि रागाच्या भरात कधी त्याची मान पकडलीत, तर मारायच्या आधी फक्त एकदा झाकण उघडा.