सिस्टरांनी खोललेलं इंजिन

भोंगाकाकांनी ट्रकचं इंजिन उतरवून थेट बाहेरच्या खोलीत आणलं, तेव्हा गल्लीतला जो तो एकच वाक्य बोलला, "काकू असत्या तर हे झालं नसतं." आणि ते खरंच होतं. काकूंच्या राज्यात चप्पलसुद्धा उंबऱ्याच्या आत यायची नाही. पण काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, आणि घरात अडवणारं कोणी उरलं नव्हतं. मग काय, सोफा भिंतीला लागला, जेवणाच्या टेबलावर पाने आणि हातोड्या पसरल्या, आणि मधोमध लाकडी ओंडक्यांवर ते काळंकुट्ट धूड बसलं. त्याच्या डोक्यावर तीन पायांची लोखंडी घोडी आणि तिला टांगलेली, वजन उचलायची चेनकप्पी.

भोंगा हे नाव काकांना आवाजावरून पडलेलं. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला. इंजिनाच्या घरघरीच्या वर बोलायची सवय जिभेला लागली ती लागलीच. "यांनी मला मीठ मागितलं तर शेजारचा वाटी घेऊन दारात येतो," असं काकू म्हणायच्या.

काम सोडल्यावर काकांनी ट्रक घरासमोर लावून ठेवला होता. शेवटी शेवटी तो निळा धूर ओकायचा, तेल प्यायचा, चढावर धापा टाकायचा. लेक फोनवर सांगायची, "बाबा, भंगारात काढा आता." काका हो हो म्हणायचे. एका सकाळी त्यांनी दात घासता घासता खिडकीतून ट्रककडे पाहिलं आणि ठरवलं, की इंजिन खोलायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि परत बांधायचं. गॅरेजात नाही, घरी. का, ते कोणी विचारलं असतं तर त्यांना नीट सांगता आलं नसतं. रिकामं घर खायला उठतं, एवढंच कदाचित म्हणाले असते.

वरच्या मजल्यावर सिस्टर राहायच्या. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. लग्नाचं वय आईच्या आजारपणात निघून गेलं, आणि मग लग्नच राहून गेलं. त्यांचा आणि काकांचा इतक्या वर्षांचा संबंध म्हणजे पाण्याची टाकी भरली की नाही, एवढाच. हातोडीचे घाव दुपारच्या झोपेत घुसायला लागले तशा त्या जिना उतरून खाली आल्या आणि दारातच थबकल्या. काका एका बादलीत मूठभर नटबोल्ट टाकत होते. त्या बादलीत आधीचेही खच्चून भरले होते.

"ड्रायव्हर, हे सगळं एकत्र?"

"मग? एकाच इंजिनाचे आहेत ना?" काका गरजले.

"परत लावताना कुठला कुठे, ते कसं कळणार?"

"हाताला कळतं हो सिस्टर. हात विसरत नाही."

"हाताला कळतं म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत," सिस्टर म्हणाल्या. "पेशंटच्या पोटात कात्री विसरून घरी जाणारे." आणि आपण तक्रार करायला आलो होतो हे विसरून त्या वर निघून गेल्या.

काकांना राग आला. रागात माणूस घाई करतो. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, गॅसकेटला घट्ट चिकटून बसलं होतं. खरं तर आधी त्याला चेनकप्पीची साखळी अडकवायची आणि मग हळूहळू मोकळं करायचं. काकांनी साखळी तशीच लोंबकळत ठेवली, फटीत पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. हेड एका बाजूने सुटलं. खाली कितपत चिकटलंय ते बघायला त्यांनी उजवा हात आत घातला आणि पहार निसटली. हेड बोटांवर बसलं.

कोणाला वाटेल, भोंगाकाका ओरडले असतील. नाही. ज्या माणसाच्या हाकेने गल्लीतली कुत्री उठायची, त्याने दात ओठात रोवले आणि हूं की चूं केलं नाही. इतक्या वर्षांत कधी इंजिनाने त्यांना चावलं नव्हतं, आणि ते गल्लीला कळू द्यायचं नव्हतं.

वर सिस्टर आडव्या झाल्या होत्या. खालचा ठोकण्याचा आवाज मधेच तुटला. त्या वाट पाहत राहिल्या. काम संपलं की माणूस पाने आवरतो, नळावर हात धुतो, खाकरतो. खाली काहीच होत नव्हतं. ही शांतता चांगली नाही, हे त्यांना नोकरीनेच शिकवलं होतं. त्या अनवाणी खाली धावल्या.

काका घामाने थबथबले होते, चेहरा पांढराफटक. सिस्टरांनी एका नजरेत सगळं पाहिलं. "काय करू, तेवढंच सांगा."

"पहार… त्या फटीत. टोक वर. मग दाबा."

सिस्टरांचं वजन ते कितीसं! त्या पहारीवर अक्षरशः लोंबकळल्या. हेड बोटभर उचललं गेलं आणि काकांनी हात ओढून घेतला.

"ओरडायला काय झालं होतं?" सिस्टर त्यांच्या बोटांना स्वच्छ फडकं गुंडाळत म्हणाल्या. "एरवी तर टाकीत पाणी चढलं तरी गावाला कळतं!"

एक्स-रेत दोन बोटं मोडलेली निघाली. प्लास्टर बसलं, आणि काका आपल्याच खोलीत पाहुण्यासारखे बसून राहिले. इंजिन अर्धवट उघडं. लेकीने फोनवर झापझाप झापलं. "मी येते आणि भंगारवाल्याला घेऊनच येते," म्हणाली. काकांनी "बरं" म्हटलं. ते इतक्या हळू म्हटलं की लेकीला वाटलं फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर हात बघायला आल्या. सूज पाहिली, गोळ्या दिल्या, आणि जाता जाता इंजिनापाशी थांबल्या.

"पोट उघडून ठेवून कोणी थिएटरमधून उठतं का?"

"मग काय करू? डाव्या हाताने दाढी होत नाही, इंजिन कुठलं!"

सिस्टर वर गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची ताटं होती, चिकटपट्टीचं रीळ होतं आणि पेन होतं. काकांचा जुना खाकी शर्ट खुंटीवर होता, तो त्यांनी साडीवरून चढवला आणि पदर खोचला. "आधी ती बादली इकडे आणा. आणि एक सांगून ठेवते. मी काम करेन, तुम्ही सांगायचं. पण माझ्यावर ओरडायचं नाही. ओरडलात की पाना खाली."

पहिल्या दुपारी पाना तीनदा खाली गेला. काका ओरडायचे, सिस्टर पाना फडक्यावर ठेवून हाताची घडी घालायच्या आणि छताकडे बघत बसायच्या. काका चुळबुळायचे, खोकायचे, आणि मग मांजरीच्या पिल्लाशी बोलल्यासारखं म्हणायचे, "डावीकडे फिरवा… हां… जरा अजून." सिस्टर कामाला लागायच्या.

साखळी नीट अडकवून हेड उचललं गेलं. "चेन ओढायला ताकद नाही लागत, सबुरी लागते," काका म्हणाले, आणि हे आपण आपल्यालाच ऐकवतोय हे लक्षात येऊन त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. टॅपेट, पुशरॉड, वॉल्व एकेक करून ताटांत गेले. प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर सिस्टरांच्या बारीक अक्षरात कुठल्या सिलिंडरचं ते. एकत्र झिजलेले भाग एकमेकांच्याच अंगवळणी पडलेले असतात, ते अदलाबदल झाले तर भांडतात, असं काकांनी सांगितलं. सिस्टरांना ते पटकन पटलं. काका डाव्या हाताने हत्यारं पुढे करू लागले.

एकदा त्यांनी गोटीपाना नुसता टेबलाच्या कडेला ठेवला. सिस्टरांचा तळवा हवेत पसरलेला तसाच राहिला.

"असा नाही. हातात द्यायचा. ठाम, आवाज आला पाहिजे. म्हणजे मला वर बघावं लागत नाही."

काकांनी पाना त्यांच्या तळव्यात टप्पकन ठेवला.

सिस्टरांनी बोटं मिटली. "गंमत आहे," त्या म्हणाल्या. "सगळं आयुष्य मी दुसऱ्यांच्या हातात असं दिलं. कात्री, चिमटा, सुई. मागणारा हात कधी माझा नव्हता."

"मागा की मग," काका म्हणाले. "मी बसलोच आहे."

खालचं तेलाचं चेंबर उतरलं, आणि पिस्टन काढायची वेळ आली. सिलिंडरच्या तोंडाशी काजळीचा थर जमलेला असतो. तो आधी खरवडला नाही तर पिस्टन वर येताना अडकतो. सिस्टरांनी तो इतक्या हलक्या हाताने खरवडला की काकांना राहवलं नाही. "आमचा फिटर असा हात चालवत असता तर हे इंजिन अजून रस्त्यावर असतं." बाकीचे पिस्टन निघाले, पण एक अडून बसला. सिस्टर खालून हातोडीचा लाकडी दांडा लावून ठोकत होत्या, काका वरून डावा हात धरून बसले होते.

त्याच वेळी लेक आली. दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा करूनच आली. आत पाहते तो बाबा इंजिनावर वाकलेले, आणि इंजिनाखालून बाहेर आलेले दोन पाय, साडीतले.

"कोण आहे ते? जरा बत्ती धर इकडे," खालून आवाज आला.

लेकीने पर्स सोफ्यावर टाकली, बत्ती घेतली आणि वाकून धरली.

"अजून खाली. हां. आता हलवू नकोस."

ठक. ठक. आणि "आला!" असं काका ओरडले. पिस्टन सुटला आणि त्यांच्या तळव्यात आला. खालून सिस्टर हसल्या. खळखळून, पोरीबाळींसारख्या. काकांनी हे हसू कधी ऐकलं नव्हतं. ते हातात पिस्टन घेऊन तसेच उभे राहिले. तेल मनगटावरून प्लास्टरवर ओघळलं तरी त्यांना पत्ता नव्हता. लेकीने मात्र बापाचा चेहरा पाहिला.

भंगारवाल्याने दारातून डोकं घातलं. "काय ताई, उचलायचं ना?"

"दिसत नाही का, काम चालू आहे!" लेक म्हणाली. आवाज अगदी बापाचा. "जा तुम्ही. काही उचलायचं नाही."

चहा लेकीनेच केला. काका मागोमाग स्वयंपाकघरात आले.

"बाबा, हे काय चाललंय?"

"इंजिन खोलतोय."

"ते दिसलं मला."

काका कपांना कान आहेत की नाही ते तपासायला लागले. लेकीनेही पुढे विचारलं नाही. संध्याकाळी निघताना मात्र ती जिन्यापाशी सिस्टरांजवळ थांबली. "आई जन्मभर सांगायची यांना, हळू बोला, हळू बोला. कधी ऐकलं नाही. तुमचं कसं ऐकतात?"

"तुझ्या आईला घरची शंभर कामं होती, बाळ. मला हात बांधून बसायला वेळ आहे."

लेक हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. मग सिस्टरांच्या काळ्या झालेल्या बोटांसाठी तिने आपल्या पर्समधली क्रीमची बाटली दिली आणि गाडी गाठली.

क्रँक निघाला, बेअरिंग निघाली, आणि एक दिवस खोलण्यासारखं काही उरलंच नाही. नुसता ब्लॉक टेम्पोत चढून वर्कशॉपला गेला, सिलिंडर नव्याने घासून यायला. खोली एकदम मोठी झाली. प्लास्टरही सुटलं. सिस्टरांना खाली येण्याचं काही कारण राहिलं नाही, आणि त्या आल्या नाहीत.

काका वरची पावलं ऐकत बसायचे. एकदा वर सामान ओढल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि ते न राहवून जिना चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सिस्टर ट्रंक उघडून बसल्या होत्या.

"भाची बोलावतेय कायमची," त्या म्हणाल्या. "गुडघे कुरकुरतात. हा जिना आता झेपत नाही. मागेच ठरलं होतं, तुमच्या इंजिनापायी लांबलं."

काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. रस्त्यावर समोरून भरधाव गाडी आली तरी त्यांचं डोकं जागेवर असायचं, आता मात्र तोंडातून भलतंच निघालं. "खाली जिना नाही," ते म्हणाले.

"काय?"

"माझ्याकडे. जिना नाही. दोन खोल्या आहेत. एक रिकामीच पडून असते."

"ड्रायव्हर, तुम्ही मला भाड्याने खोली देताय?"

"नाही."

"मग?"

"ते… लेकीला मी कालच विचारलंय," काका म्हणाले, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "ती म्हणाली, एवढी वर्षं कशाची वाट बघत होता. आता तुम्ही काय ते सांगा. मी काही ओरडणार नाही."

सिस्टरांनी हातातली साडी आधी ट्रंकेत ठेवली, मग काढून मांडीवर घेतली. बराच वेळ त्या तिच्या घड्या सारख्या करत राहिल्या. "भिंतींना डिझेलचा वास येतोय तुमच्या," शेवटी त्या म्हणाल्या. "आधी रंग काढा. पांढरा नको, हॉस्पिटल वाटतं. मग बघू."

काकांनी त्याच आठवड्यात रंगारी लावला. फिकट पिवळा रंग लेकीने येऊन निवडला आणि नवऱ्याला शिडी धरायला उभं केलं. लग्न कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून गल्लीतली अर्धी माणसं जमली होती, आणि कारकुनाने नाव विचारलं तर काकांनी ते इतक्या हळू सांगितलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

वर्कशॉपचा माणूस ब्लॉक घेऊन परतला तेव्हा दार एका बाईंनी उघडलं. केस पिकलेले, चष्मा गळ्यात, अंगावर ढगळ खाकी शर्ट. तो जरा गोंधळला. "भोंगाकाकांचंच घर ना हे?"

"त्यांचंच. चौकटीला लागू देऊ नका, कालच रंगाचा दुसरा हात दिलाय, ओली आहे अजून," बाई म्हणाल्या, आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "अहो, ब्लॉक आलाय तुमचा. बाहेर या, नीट घासलाय का ते बघा."