नटांवरच्या लाल रेघा

मित्रांनो, ती गेल्याचे कळले त्या सकाळी मी चार लोखंडी घोड्यांवर उभी होते. माझी चाके काढून भिंतीला टेकवली होती. पुढचा उजवा कोपरा पाय चिरडलेल्या खेकड्यासारखा आत दुमडला होता. माझा मालक माझ्याखाली पाठीवर पडून वाकलेला पत्रा हातोड्याने ठोकत होता. त्याची बायको दवाखान्यात बेशुद्ध होती. तिच्याजवळ बसायची त्या सकाळी तिच्या भावाची पाळी होती. ती शुद्धीवर आली की आधी गाडीचे विचारील, अशी मालकाला खात्री होती. तिला मी मोडलेली दिसू नये, एवढ्यासाठी तो जिवाचा आटापिटा करत होता.

दारात तोच भाऊ, तिचा धाकटा, येऊन उभा राहिला. तो लाकडाच्या वखारीत ओंडके उचलतो. दार त्याला नेहमीच अपुरे पडते.

"भावोजी, बाहेर या."

"एवढा पत्रा सरळ करतो आणि येतो."

"बाहेर या म्हणतो ना! ताई गेली."

हातोडा थांबला. त्यानंतर काय झाले ते सांगतेच, पण आधी मी कोण ते सांगायला हवे.

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. माझा जन्मच ठोकाठोकीतला. कारखान्यात सपाट पत्र्यावर प्रचंड वजन आदळले आणि माझे दार झाले. पुन्हा आदळले आणि टप झाला. पुढे बरीच वर्षे मी एका कुटुंबाची मुले आणि भाजी वाहिली. मग कुणी तरी मला ठोकले आणि मी भंगाराच्या अंगणात जाऊन पडले. तिथे तिने माझ्या टपावर थाप मारली.

"मिस्त्री, ही म्हातारी पळेल."

तिचा नवरा लेथवर काम करणारा. ती त्याला मिस्त्रीच म्हणायची.

"ही? हिला ढकलायलाच दोन माणसं लागतील."

"मग आपण दोघं आहोतच की!"

त्यांनी माझ्या गाद्या उपसल्या, काचा काढल्या, पोटात लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. तो बांधायचा, ती चालवायची. आमचा शर्यतींचा क्लब हौशी लोकांचा होता. आठवडाभर लोकांचे दात उपटणारा डॉक्टर रविवारी आमच्या बंपरला धडका द्यायचा. शर्यत म्हणजे मारामारीच. खडी तोफेसारखी पोटावर आदळायची, दारे चेपायची, रबर जळायचे. ती आत हसत शिव्या द्यायची. वळण आले की सगळे ब्रेक दाबायचे, ती नाही. मिस्त्री ओरडायचा, तर म्हणायची, "लावायचाच आहे हो ब्रेक, जरा थांबून लावू!" त्या 'जरा थांबून'मध्ये आम्ही दोन-दोन गाड्या मागे टाकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला बोलू, मलाही त्या आवडायच्या.

हंगाम संपला की माझ्या दुरुस्तीचे महिने सुरू व्हायचे. बेअरिंग बदलायची, पिंजऱ्याच्या जोडांना तडे गेलेत का पाहायचे, नटबोल्ट एकेक करून सोडायचे आणि आवळायचे. त्यात त्या दोघांचा एक नेम होता. नट मिस्त्रीने आवळायचा. मग तिने पाना लावून तो हलतो का पाहायचे, आणि मगच बोल्टच्या टोकावरून नटावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला, तरी रेघ मधोमध तुटलेली दिसे. स्वतः आवळलेल्या नटावर स्वतः रेघ मारायची नाही.

"स्वतःच्या नखांना कधी लावलं नाहीस ते," मिस्त्री चिडवायचा.

"नखं सैल झाली की लावीन!"

हंगामाची शेवटची शर्यत होती. पुढे दातांचा डॉक्टर होता आणि वळण जवळ आले होते. आतून जायला जेमतेम माझ्याएवढी फट होती. तिने ती पाहिली. डॉक्टरने ब्रेक दाबला. तिने दाबला नाही. मग दाबला. माझा मागचा भाग सुटला, मी आडवी फिरले आणि भिंत आली. उजवा कोपरा आत घुसला, चाक धरणारा आर्म वाकला, पत्रा फाटला. पिंजरा टिकला, आत बांधलेले माणूस मात्र एवढ्या जोराने हिसकले गेले की तिच्या हेल्मेटचा नळीवर आपटल्याचा आवाज मला इंजिनाच्या किंचाळण्यातही ऐकू आला.

आता त्या सकाळचे सांगते.

मिस्त्री माझ्याखालून बाहेर आला. पुरता उभा राहायच्या आतच मेव्हण्याचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. तो माझ्या दारावर आपटला आणि रक्त माझ्या पांढऱ्या रंगावर उडाले.

"तू मारलंस तिला! या डब्यात बसवून मारलंस!"

"हो."

"हो काय म्हणतोस? हो?" दुसरा ठोसा पोटात बसला.

"मार. माझाच नट सैल राहिला असेल. थांब, दाखवतो तुला. मग पाहिजे तेवढं मार."

मेव्हण्याची मूठ हवेतच राहिली. मिस्त्री रक्त पुसत पुन्हा माझ्याखाली शिरला. मित्रांनो, माणूस हरवलेली वस्तू शोधतो तसा तो सैल नट शोधत होता. तो सापडावा म्हणून त्याचा जीव तुटत होता. सापडला असता, तर सगळा दोष उचलून आपल्या डोक्यावर ठेवता आला असता. मला सगळे माहीत होते, पण मला तोंड नाही.

त्याने बॅटरी धरली. वाकलेल्या आर्मच्या नटावर लाल रेघ होती, सरळ. स्टिअरिंगच्या दांड्यावर रेघ होती, सरळ. ब्रेकच्या नटांवरच्या रेघाही सरळ. एकही तुटली नव्हती.

तो बाहेर आला आणि कोपऱ्यातला घण त्याने उचलला.

पहिला घाव बॉनेटवर पडला. दुसरा दिव्यावर, तिसरा टपावर. मी घोड्यांवर डुलत होते. त्याने माझे दार बिजागरीतून उखडले. पिंजऱ्यावर घण आपटून परत उसळला आणि त्याच्या कपाळाला लागला, तरी तो थांबेना. तो मारत होता आणि ओरडत होता, "सगळं घट्ट होतं! सगळं घट्ट होतं!" मेव्हणा त्याला आवरायला धावला, तर कोपर लागून त्याचा ओठ फाटला. शेवटी त्याने मिस्त्रीला मागून कवेत आवळले आणि दोघेही दिव्याच्या फुटक्या काचांत पडले.

"भावोजी, बास! तिची गाडी आहे ती!"

घण सुटला. दोघे तसेच पडून धापा टाकत राहिले.

"मग कशाने झालं?" मेव्हण्याने विचारले.

मिस्त्रीने तळहातात रुतलेली काच उपटून टाकली. मग म्हणाला, "तिने ब्रेक उशिरा दाबला."

मेव्हण्याने ओठावरचे रक्त थुंकले. "लहानपणी सायकलला पण लावायची नाही. मला पुढच्या दांडीवर बसवून थेट गोठ्यात घातली होती एकदा. शेणात पडलो दोघं. वर मलाच विचारते, मजा आली का?"

मिस्त्री हसायला गेला आणि त्याला हुंदका फुटला. मग मेव्हणाही रडला. घणाखालीही मी इतकी हादरले नव्हते.

निघताना मेव्हणा म्हणाला, "हिला भंगारात घालू नका. काम असेल तेव्हा हाक मारा, मी येतो."

माझ्यावर धूळ बसली. मांजर माझ्या पोटात व्याली. मग एके दिवशी मिस्त्रीने आपणच मारलेले पोचे आपणच काढायला घेतले. दार बसवले. इंजिन उतरवून धुतले. ते परत बसवायला दोन माणसे लागतात. एकाने कप्पीची साखळी सोडायची, दुसऱ्याने खालून धरून जागेवर घ्यायचे. त्याने एकट्याने करून पाहिले. इंजिन झोक्यासारखे फिरले, माझा नवा पत्रा फाडला आणि त्याचे एक बोट ठेचले. तो बोट धरून खाली बसला. वखार दोन गल्ल्या पलीकडे आहे. त्याने अजून हाक मारलेली नाही.

मित्रांनो, गाडीची निगा राखा. नट तपासा, तडे पाहा. पण एकट्याने उचलवत नाही ते एकट्याने उचलू नका, कुणाला तरी हाक मारा. तशी हाक मारायला फार जड जाते, हे मी रोज पाहते आहे.

बाकी सगळे झाले आहे. इंजिन बसवायचे राहिले आहे.