नाक्यावरचा समुद्र

दसऱ्याआधी सरलाने देव घासायला काढले, आणि देवांबरोबर विनयाचा दगड झालेला शिंपलाही चिंचेच्या कोळात घातला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. विनया वरच्या खोलीत राहणारी, नागपूरची पोर, घरच्यासारखी. उद्या दिल्लीचे मोठे सर तिचा शिंपला बघायला यायचे होते. मग तो असा मळका कशाला? बाळकृष्ण लखलखतो, तसा शिंपलाही लखलखू दे की!

तिचा नवरा राजाभाऊ न्हाऊन आला तर ताटलीत बुडबुडे.

"अगो, काय केलंस हे? चुना तो! आंबटात विरघळतो."

"मग सांगून ठेवायचं होतं. दगडावर काय नाव लिहिलंय कुणाचं?"

तेवढ्यात विनया जिन्यावरून उतरली. शिंपला पुसला, आतली बाजू उजेडात धरली, आणि तो देवांशेजारी ठेवून दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

राजाभाऊ मालवणचा गडी. फौजेतून सुटला आणि चंदीगडलाच राहिला. सेक्टर बावीसमध्ये भाड्याने घर, आणि युनिव्हर्सिटीत दगडवाल्यांची, म्हणजे भूगर्भशास्त्राची, जीप चालवायचा. विनया तिथेच संशोधन करायची, आणि कालक्याच्या वरच्या खाणीत तिला तोच न्यायचा. तिचं म्हणणं, या डोंगराच्या जागी कधीकाळी समुद्र होता. डिपार्टमेंटातले बाकीचे हसायचे. नदी असेल म्हणायचे, नदीतही शिंपले असतात.

खरंखोटं शिंपल्याच्या पोटात. आतलं जनावर ज्या स्नायूने आपलं कवाड ओढून धरतं, त्याचा वण शिंपल्यात राहतो. नदीच्या शिंपल्याला दोन वण, समुद्रातल्या कालवाला एकच. खाणीतले बाकीचे सगळे फुटके. धड वणाचा हा एवढाच मिळाला होता, आणि चिंचेने तो सपाट करून टाकला.

"सर नाही म्हणाले तर?" राजाभाऊने विचारलं.

"तर माझं काम संपलं, राजाभाऊ. जाते मी नागपूरला."

राजाभाऊने भाकरीला हात लावला नाही. चावी उचलली. "चला. खाणीत दुसरा शोधू. अंधार पडायच्या आत परत यायचंय." त्या दिवसांत हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे. पंजाबात अतिरेकी बसमधून उतरवून माणसं मारत होते. संध्याकाळ झाली की रस्ते ओस.

खाणीवर पोचले, तर शिंपल्यांच्या थराची भिंतच नव्हती. मुनीम म्हणाला, "मॅडमजी, वो दीवार तो उडा दी. सब क्रशर में गया."

विनयाने तिथे पडलेले चार तुकडे पोत्यात भरले, उगाच. आणि दोघं परत निघाली.

शहराच्या तोंडाशी, मनीमाजऱ्यापाशी, पोलिसांचा नाका. छातीएवढी पोत्यांची भिंत, त्यांच्या भाषेत मोर्चा, मागे बंदुका. हवालदार गुरमेलसिंगने जीप थांबवली.

"बोरी में क्या है?"

"पत्थर."

"पहाड से पत्थर? शहर में कम पड गए थे?" त्याने पोतं उघडून पाहिलं आणि हसायलाच लागला. "ओ जी, ये? ये तो हमारे बोरों में भरा पडा है. रेत नहीं मिली, तो खदान का चूरा मंगवा लिया."

विनया जीपमधून उतरलीच. "एक बोरा खोल दीजिए. प्लीज."

"मोर्चा खोल दूं? आपके पत्थरों के लिए?"

"मी भरून देतो," राजाभाऊ पुढे झाला, आणि मग हिंदीत, "सिलाई भी मैं करूंगा."

हवालदाराने त्याच्या उभं राहण्याकडे बघितलं. "फौजी?"

"मराठा."

"फिर एक. बस एक."

रस्त्याकडेला ताडपत्री पसरून पोतं ओतलं. राखाडी माती, आणि मातीत नुसते शिंपले. तिघेही उकिडवे बसून निवडायला लागले, तांदूळ निवडावेत तसे. फुटका. फुटका. अर्धा. स्कूटरवाले थबकून बघत होते, काय सापडलं म्हणून. ऊन कलायला लागलं तशी विनयाची बोटं घाई करायला लागली.

मग ती थांबली. एका शिंपल्यातली माती तिने नखाने काढली, थुंकी लावून तो पुसला आणि राजाभाऊपुढे धरला.

"माझा डोळ्यांवर भरवसा नाही. तुम्ही मोजा."

"मोजायचं काय त्यात? एक!"

अंगठ्याएवढा एकच खड्डा, गुळगुळीत. राजाभाऊने त्यात अंगठा ठेवला. बरोब्बर बसला. एक जीव इथे दार ओढून बसला होता, घट्ट, आणि वर त्याचा समुद्र. समुद्र मालवणलाच सोडून आलो, असं राजाभाऊ इतकी वर्षं समजत होता.

"समुंदर का है?" गुरमेलसिंगने हळूच विचारलं. तो भटिंड्याचा, समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

"हां जी. यहीं था. पांच करोड साल पहले," विनया म्हणाली. डोळे पुसत होती आणि हसतही होती.

हवालदाराने शिंपल्याला जीभ लावली. "नमक तो नहीं है."

"इतनी बारिशों में धुल गया."

तो उठला. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रचलेली पोती त्याने बघितली. एकेक करून सगळी. त्यांच्यावर एक पोरगेला शिपाई पाय सोडून चहा पीत बसला होता.

"उतर नीचे."

"क्यों, साबजी?"

"उतर, कहा ना!"